कराड ते फ्रीमाँट, उत्तर ध्रुवाजवळून

निघण्यापूर्वी

सॅन फ्रान्सिस्कोजवळ फ्रीमाँटला राहणाऱ्या लेकीचं बाळंतपण मे महिन्याच्या अखेरीस आहे असं कळलं, तेव्हा सौ.ने डिंक, खारीक, अळीव यांची यादी केली आणि जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवायला घेतली. मी माळ्यावरून पृथ्वीगोल खाली काढला. एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला, निवृत्तीच्या दिवशी मुलांनी हा गोल भेट दिला होता. बारा इंच व्यासाचा आहे. सौ.च्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा घेतला, एक टोक मुंबईवर धरलं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा घट्ट ताणला.

गोलावर ताणलेला दोरा आपोआप सगळ्यांत जवळची वाट धरतो. यालाच बृहद्वृत्त म्हणतात. माझा दोरा अरबस्तानाकडे गेला नाही, अटलांटिककडे तर मुळीच नाही. तो मुंबईहून थेट वर चढला, लेहजवळून गेला, सैबेरिया ओलांडून आर्क्टिक समुद्रात शिरला, सत्त्याहत्तर अंश उत्तर अक्षांशाला जेमतेम टेकला आणि अलास्कावरून खाली उतरत कॅलिफोर्नियाला पोचला. फूटपट्टीवर मोजला तर बत्तीस सेंटिमीटर भरला. बारा इंची गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ४१८ किलोमीटर. म्हणजे मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,५०० किलोमीटर.

मी बराच वेळ तो दोरा तसाच धरून बसलो. वर्गात भिंतीवर जो नकाशा टांगायचो तो मर्केटरच्या प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायच्या त्याच्या पद्धतीचा. १५६९ साली मर्केटर या नकाशाकाराने तो दर्यावर्दींसाठी केला, आणि दर्यावर्दींच्या कामासाठी तो उत्तमच आहे. पण त्यावर ध्रुवाकडचा प्रदेश फुगतो. आफ्रिकेच्या चौदाव्या हिश्श्याएवढं ग्रीनलंड त्यात आफ्रिकेएवढं दिसतं. "अमेरिका कुठे?" असं विचारलं की मुलं त्या नकाशाकडे बघून डावीकडे हात करायची आणि मी "बरोबर" म्हणायचो. त्या नकाशावर मुंबईपासून पश्चिमेकडे सरळ रेघ ओढून सॅन फ्रान्सिस्को गाठलं, तर ती रेघ सुमारे १९,००० किलोमीटर भरते. दोऱ्यापेक्षा साडेपाच हजार जास्त. मुलांच्या मनात मी इतकी वर्षं ती लांबची रेघ ठेवली, हे मला फार लागलं.

आमचं तिकीट दुबईमार्गे निघालं. मुंबई–दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई–सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,०४०. दोन्ही मिळून जवळपास १४,९७०. दोरा छत्तीस सेंटिमीटर. सरळ वाटेपेक्षा दहा-अकरा टक्के लांब, म्हणजे वाकडी वाट वाटते तेवढी वाकडी नाही. आणि तिकीट काढून देणाऱ्याने सांगितलं, "सर, सतरा तासांचा प्रवास." तेवढंच ऐकून सौ.ने सतरा तासांच्या हिशेबाने औषधं हातातल्या पिशवीत भरली. वहिनींनी तिकिटाचा कागद वाचला तेव्हा त्यांना दुबईहून निघायची वेळ सकाळी साडेआठ आणि पोचायची त्याच दिवशी दुपारी सव्वा दिसली. "पावणेपाच तासांत अमेरिका?" असं त्यांनी अगदी मनापासून विचारलं. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. मधले अकरा तास मिळवले की पावणेसोळा होतात. तिकिटावरच्या वेळेत विमान दारापासून मागे सरकल्यापासून ते तिकडच्या दारापाशी उभं राहीपर्यंतचा सगळा वेळ धरलेला असतो. प्रत्यक्ष हवेत असण्याचा वेळ त्याहून थोडा कमी.

पण हे सगळं विमानाचं झालं. आपल्या उंबऱ्यापासून लेकीच्या उंबऱ्यापर्यंत किती, ते तिकिटावर कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून मी वही घेतली आणि ठरवलं की प्रत्येक टप्प्याची वेळ लिहायची.

पहिला दिवस: रविवार, २१ मे २०२३

दुपारी १ वाजता कराडचं घर सोडलं. दोन बॅगा सौ.च्या, दोन माझ्या, प्रत्येकी २३ किलोच्या आत. वजनकाट्यावर तीनदा चढवून उतरवलेल्या. डिंकाचे लाडू मधोमध, भोवती दुपटी, म्हणजे फुटायला नकोत.

सातारा, खंबाटकीचा बोगदा, पुण्याची गर्दी, मग द्रुतगती मार्ग. खंडाळ्याच्या उतारावर वळवाचा पाऊस असा कोसळला की पुढच्या गाडीचे लाल दिवेही दिसेनात. ड्रायव्हर शहाणा होता, त्याने घाई केली नाही. खालापूरला चहा घेतला, सौ.चे गुडघे मोकळे केले. सहारच्या विमानतळावर पोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते.

वहीत लिहिलं: ३१० किलोमीटर, साडेआठ तास.

दुसरा दिवस: सोमवार, २२ मे

हा सोमवार फार मोठा होता. किती मोठा ते शेवटी सांगतो.

पहाटे साडेचारला मुंबई सोडली. खाली अरबी समुद्र, वर अंधार. सव्वातीन तासांचा काय तो प्रवास, त्यात डुलकी लागेपर्यंत पूर्वेकडे तांबडं फुटलं. सूर्य आमच्या मागून आला. दुबईला उतरलो तेव्हा तिथल्या घड्याळात सहा वाजून गेले होते आणि ऊन पडलं होतं. आपल्यापेक्षा दीड तास मागे. पुढच्या विमानाला सव्वादोन तास होते, त्यातला पाऊण तास चालण्यात, सुरक्षा तपासणीत आणि सरकत्या पट्ट्यांवर गेला. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी चाकाच्या खुर्चीची सोय तिकीट काढतानाच सांगून ठेवावी, हे मी कळकळीने सांगतो. सौ. नको म्हणाली होती आणि दुबईत तिला त्याचा त्रास झाला.

सॅन फ्रान्सिस्कोचं विमान दुमजली होतं, ए-३८०. पूर्ण भरलं की उड्डाणाच्या वेळी या विमानाचं वजन ५७५ टनांपर्यंत जातं. टाक्यांमध्ये सुमारे ३ लाख २० हजार लिटर इंधन मावतं. एवढं ओझं घेऊन ते सुरुवातीला फार उंच जाऊ शकत नाही. समोरच्या पडद्यावर पहिले काही तास ३१,००० फूट असा आकडा होता. इंधन जळत गेलं, विमान हलकं झालं, तसा तो आकडा पायरीपायरीने वाढत गेला आणि शेवटी ३८,००० वर स्थिरावला. लांबच्या प्रवासात वैमानिक असंच चढत जातात, कारण वरच्या विरळ हवेत इंधन कमी लागतं.

आमच्या जागा उजव्या बाजूच्या होत्या. सौ.ने खिडकी मला दिली. "तुम्हीच बसा, तुम्हाला बघायचंय," म्हणाली.

विमानाने इराणचं आखात ओलांडलं आणि नाक उत्तरेकडे केलं. पश्चिमेकडे नाही, वायव्येकडेही नाही, जवळजवळ नेमकं उत्तरेकडे. दुबई ५५ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि सॅन फ्रान्सिस्को १२२ अंश पश्चिम. दोन्ही मिळून १७७ अंशांहून थोडे जास्त. १८० झाले असते तर दोन्ही गावं एकाच वर्तुळाच्या समोरासमोरच्या बाजूंना आली असती आणि जवळची वाट नेमकी ध्रुवावरून गेली असती. तीन अंशही कमी नाहीत, म्हणून वाट ध्रुवापासून दोनशे किलोमीटरवरून जाते. हे मला गणिताने ठाऊक होतं. पण समोर पडद्यावर विमानाचं चित्र उभ्या रेषेत वर-वर सरकताना बघणं ही निराळी गोष्ट आहे.

इराणचे उघडे तपकिरी डोंगर, मग कॅस्पियनच्या बाजूची सपाट पांढुरकी जमीन, कझाकस्तान, मग रशिया. रशियात ढग होते. ढगांच्या फटीतून हिरवं जंगल आणि एक रुंद, नागमोडी नदी दिसली. सौ.ने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. विमानातलं जेवण आलं होतं, पण दशमी ती दशमी. शेजारी बसलेली केरळची एक नर्स होती, तिलाही दिली. तिने चटणी दोनदा घेतली.

मी मुंबईहून निघताना मनाशी एक ठरवलं होतं की उन्हावर लक्ष ठेवायचं. दुबईहून निघालो तेव्हा सकाळ होती, आम्ही उत्तरेकडे चाललो होतो, त्यामुळे पूर्वेचा सूर्य उजवीकडे, माझ्या खिडकीत. समोरच्या घडीच्या टेबलावर उन्हाचा चौकोन पडला होता, माझ्या वहीवरून सौ.च्या बांगड्यांपर्यंत. जेवण झाल्यावर हवाईसुंदरींनी खिडक्या बंद करायला सांगितल्या, सगळ्यांना झोपायचं होतं. मी पडदी दोन बोटं उघडी ठेवली. चौकोनाची पट्टी झाली. तासाभराने ती पट्टी टेबलावरून सरकून खिडकीच्या चौकटीवर गेली, मग चौकटीच्याही मागे, आणि मग नाहीशी झाली. सूर्य आमच्या पाठीमागे गेला होता.

नोव्हाया झेमल्या या रशियाच्या उत्तरेकडच्या बेटांचं नाव पडद्यावर एका बाजूला दिसलं आणि खालची जमीन संपली. पुढे बर्फाचा समुद्र. तो एकसारखा पांढरा नसतो. त्यात काळ्या भेगा असतात, लांबच लांब, फांद्या फुटलेल्या. काही ठिकाणी भेगेच्या कडेला करडा, पातळ, नवा बर्फ. सौ.ला उठवून दाखवलं. तिने पाहिलं आणि म्हणाली, "सुकलेल्या पांढऱ्या मातीसारखं दिसतंय, नाही का?" अगदी तसंच दिसत होतं.

बाहेरचं तापमान उणे ५४ अंश. लांब पल्ल्याच्या विमानांत सहसा जे इंधन भरतात ते उणे ४७ अंशांना गोठू लागतं. मग टाकीत ते गोठत का नाही? कारण विमान एवढ्या वेगाने हवेत घुसतं की त्याच्या अंगावरची हवा दाबली जाऊन तापते, आणि पंखांचा पृष्ठभाग बाहेरच्या हवेपेक्षा पंचवीस-तीस अंशांनी कमी गार राहतो. शिवाय हजारो लिटर इंधन गार व्हायला वेळ लागतो. तरीही वैमानिक टाकीतल्या इंधनाच्या तापमानावर नजर ठेवून असतात. ते फार उतरू लागलं तर विमान खाली आणतात किंवा वेग वाढवतात. होकायंत्र इथे कामाचं नसतं. चुंबकीय ध्रुव जवळ आल्याने ते भरकटतं, म्हणून खऱ्या उत्तरेचा हिशेब धरून विमान चालवतात. विषुववृत्तावर फिरणारे दळणवळणाचे उपग्रहही इतक्या उत्तरेकडून क्षितिजाखाली जातात. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे ७८ अंशांच्या वरून जायचं तर कडाक्याच्या थंडीचे किमान दोन पोशाख विमानात ठेवावे लागतात. वाटेत कुठे उतरायची वेळ आली, तर बाहेर पडून काम करणाऱ्यांसाठी.

ही वाट लोकांच्या वापरात येऊन फार काळ झालेला नाही. १९५४ साली स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगन ते लॉस एंजेलिस अशी ग्रीनलंडवरून जाणारी सेवा सुरू केली, मधे दोनदा उतरत. ध्रुवाच्या पलीकडच्या बाजूचं आकाश सोव्हिएत संघाचं होतं आणि शीतयुद्ध संपेपर्यंत ते बंदच राहिलं. रशियावरून जाणाऱ्या ध्रुवीय वाटा नियमित वापरासाठी खुल्या झाल्या त्या या शतकाच्या सुरुवातीला. आपल्या एअर इंडियाने १५ ऑगस्ट २०१९ ला दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान पहिल्यांदा ध्रुवावरून नेलं. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी, सगळ्या महिला वैमानिक, सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला ध्रुवावरूनच आल्या. ती बातमी मी तेव्हा कापून ठेवली होती. आता २०२२ पासून अमेरिकेच्या आणि युरोपच्या विमान कंपन्यांना रशियाचं आकाश पुन्हा बंद आहे. आखातातल्या आणि भारतीय विमानांना ते खुलं आहे, म्हणून आम्हाला ही वाट मिळाली.

निघाल्यापासून आठ तास झाले असतील. अक्षांशाचा आकडा ८८ वर गेला. कराडला तेव्हा संध्याकाळचे सहा, थोड्याच वेळात दिवेलागण. इथे दोन रेखांशांमधलं अंतर साडेतीन किलोमीटर इतकंच. विषुववृत्तावर ते १११ किलोमीटर असतं. पंधरा रेखांशांचा एक काळपट्टा आम्ही साडेतीन मिनिटांत ओलांडत होतो. साडेतीन मिनिटांत एक तास मागे, पुढच्या साडेतीन मिनिटांत आणखी एक. मी वहीत वेळ लिहायला पेन उचललं आणि खाली ठेवलं. कुठल्या गावची वेळ लिहायची?

विमान वळल्याचं जाणवलं नाही. पंख कलला नाही, पाण्याच्या पेल्यातलं पाणी हललं नाही. पण पडद्यावरची दिशा उत्तरेवरून पश्चिमेला आणि पश्चिमेवरून दक्षिणेला गेली. सरळ चालता चालता आमचा उत्तरेचा प्रवास दक्षिणेचा झाला होता. एकतीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आलो, "ध्रुवापासून सर्व दिशा दक्षिणच." त्या क्षणी सौ.चा हात घट्ट धरला. ती झोपेत होती.

आणि ऊन? समोरच्या ओळीपलीकडे, डाव्या बाजूच्या कुणीतरी पडदी उघडली. तिकडून ऊन आत आलं, मधली सगळी माणसं ओलांडून माझ्या बाहीवर. आम्ही दुबई सोडली तेव्हा सकाळ उजवीकडे होती. आता कॅनडाची सकाळ डावीकडे. मधे रात्र झालीच नाही.

ग्रेट बेअर सरोवर मे अखेर असूनही गोठलेलं होतं, कडेला फक्त निळसर पाण्याची चिंचोळी पट्टी. पुढे रॉकीजचे डोंगर, मग जंगल, आणि वॉशिंग्टन राज्यावर एकटा उभा, बर्फाने भरलेला माउंट रेनियर. उतरण्याआधी शास्ता पर्वतही दिसला. मग सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर, आणि पाण्याला टेकतो की काय असं वाटत असतानाच धावपट्टी. सव्वा वाजले होते.

पासपोर्टच्या रांगेत सव्वा तास. सामानाच्या तपासणीत "खाण्याचं काही?" असं विचारलं, सौ.ने लाडवांचा डबा उघडून दाखवला आणि मी कागदावर लिहिलेलं खरं-खरं वाचून दाखवलं. जाऊ दिलं. जावई फुलं घेऊन उभे होते. लेकीला डॉक्टरांनी लांब बसून यायला मनाई केली होती. उपसागरावरचा लांबच लांब पूल ओलांडून फ्रीमाँटला पोचलो. दार उघडलं तेव्हा सव्वाचार.

लेक दारात पोटावर हात ठेवून उभी होती. सौ. काही बोलली नाही, तिने आधी तिच्या पायांवरची सूज बघितली.

वहीतला हिशेब असा: कराडच्या उंबऱ्यापासून फ्रीमाँटच्या उंबऱ्यापर्यंत पावणेचाळीस तास. त्यातले विमानांचे एकोणीस. सतरा तासांच्या हिशेबाने घेतलेली सौ.ची रक्तदाबाची गोळी दुबईच्या पुढे संपली होती. हातातल्या पिशवीत दोन दिवसांची औषधं ठेवा. हे लिहिण्यासाठी तरी ही वही उपयोगाची ठरावी.

आणि तो सोमवार. आपल्या मध्यरात्री मुंबईत सुरू झाला, कॅलिफोर्नियाच्या मध्यरात्री संपला. साडेछत्तीस तासांचा. दुबईच्या सूर्योदयापासून इथल्या सूर्यास्तापर्यंत पावणेसव्वीस तास ऊन मावळलं नाही.

तिसरा दिवस: मंगळवार

रात्री दोनला टक्क जाग. कराडला दुपारचे अडीच. इथलं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे, म्हणजे दिवसाची रात्र आणि रात्रीचा दिवस, शिवाय अर्धा तास. शरीर साधारण दिवसाला एक तास या गतीने नव्या वेळेशी जुळतं, असं डॉक्टर सांगतात.

स्वयंपाकघरात दिवा होता. लेक टेबलाशी बसून दूध पीत होती, नवव्या महिन्यात झोप कुठली. सौ. उठून आली. तिघांनी रात्री अडीचला चहा केला. लेकीला लहानपणापासून माझ्या गोलाचं वेड. तिला मी दोऱ्याची गोष्ट सांगितली, ध्रुवाची सांगितली, बर्फाच्या भेगांची सांगितली. ती ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, मी इथे आले तेव्हा पहिले सहा महिने तुम्ही झोपलेले असताना मी जागी असायचे, त्याचंच मला जास्त वाटायचं. किलोमीटरचं काही वाटायचं नाही."

मी ते वहीत लिहून घेतलं.

चौथा आणि पाचवा दिवस

झोप, ऊन, थोडं चालणं. मिशन पीक नावाची टेकडी घरामागे दिसते, मे महिन्यात तिचं गवत पिवळं पडू लागतं, आपल्याकडे दिवाळीनंतर पडतं तसं. सौ.ने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. पहाटे तीनऐवजी साडेचारला जाग आली.

सातवा दिवस: शनिवार, २७ मे

जावयांना मी म्हटलं, मला ते विमान पुन्हा बघायचंय. त्यांनी मला मिलब्रेला नेलं, विमानतळाच्या दक्षिण टोकाशी उपसागराच्या काठावर एक बाग आहे तिथे. खूप लोक डबे घेऊन बसलेले असतात, मुलं बोट दाखवत असतात. दोन समांतर धावपट्ट्या एकमेकींपासून जेमतेम ७५० फुटांवर, त्यामुळे कधी कधी दोन विमानं जोडीने उतरतात, पक्ष्यांची जोडी यावी तशी.

जावयांना मी विचारलं, परतीला किती वेळ? ते म्हणाले, थोडासा कमी, पण फार फरक नाही. मुंबई–न्यूयॉर्कला फरक पडतो. तिथे सुमारे साडेबारा हजार किलोमीटर अंतर आहे, आणि मधल्या अक्षांशांवर उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे झोतवारे येताना पाठीवर मिळतात, जाताना तोंडावर. त्यामुळे एकाच अंतराला जाताना तासभर जास्त लागू शकतो. ध्रुवाच्या वाटेवर ते झोतवारे आडवे ओलांडले जातात, म्हणून जाण्यायेण्याचा वेळ जवळपास सारखा. अंतर तेच, वाट बदलली की वेळ बदलते. हे मी शाळेत असतो तर एक अख्खा तास शिकवला असता.

एक वाजून गेला आणि ते आलं. दुमजली, जड, सावकाश. पाण्यावर त्याची सावली आधी आली. काल रात्री साडेनऊला आम्ही जेवून ताटं उचलत होतो, तेव्हा ते दुबईहून निघालं होतं. आमची रात्र, आमची झोप, आमचा सकाळचा चहा, एवढा वेळ ती साडेचारशे-पाचशे माणसं त्या पांढऱ्या समुद्रावरून येत होती. त्यांच्यातही कुणी आई असेल, मांडीवर डबा धरून बसलेली. मी हात केला. शेजारच्या एका लहान मुलीनेही केला.

नववा दिवस: सोमवार, २९ मे

दुपारी कळा सुरू झाल्या. घरापासून इस्पितळ दहा मिनिटांवर. प्रवासातलं सगळ्यांत छोटं अंतर, आणि मला ते सगळ्यांत लांब वाटलं. सौ. आत, मी आणि जावई बाहेर, ते दर पाच मिनिटांनी आत जाऊन येत.

रात्री दहा वाजून चाळीस मिनिटांनी नात झाली. दोघी सुखरूप.

मी कराडला फोन लावला. तिकडे मंगळवार, ३० मे, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. वहिनी कृष्णेच्या घाटावरून नुकत्याच आल्या होत्या, गंगादशहऱ्याची दशमी होती. बातमी ऐकल्यावर त्यांनी पहिल्यांदा वेळ विचारली. मी इथली सांगितली आणि म्हटलं, पण वहिनी, इथे अजून २९ तारीख आहे, सोमवार. त्या क्षणभर थांबल्या. पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज फोनवर आला.

"तारीख तुमची निराळी असू दे," त्या म्हणाल्या, "पण तिथी तीच आहे. ज्येष्ठ शुद्ध दशमी, दुपारपर्यंत आहे."

बरोबर होतं त्यांचं. तिथी घड्याळावर चालत नाही, चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या अंशांवर चालते, आणि ते अंश त्या क्षणी कराडलाही तेवढेच होते आणि फ्रीमाँटलाही तेवढेच. मी वहीत आधी "२९ मे, रात्री १०.४०" असं लिहिलं होतं. त्याखाली लिहिलं, "ज्येष्ठ शुद्ध दशमी."

आतून सौ.ने हाक मारली. दुपटं मागत होती.